मनाने कमकुवत?

आत्महत्या केलेल्या माणसाबद्दल आपल्या समाजात पहिले वाक्य ठरलेले असते. 'मनाने कमकुवत होता.' नाशिकरोडकडच्या एका वस्तीतल्या शोकसभेत हे वाक्य मी एकाच संध्याकाळी चार वेळा ऐकले. गेलेला मुलगा पदवीधर होता. तीन वर्षे स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करीत होता आणि दिवसा एका गोदामात हजेरीवर राबत होता. पहिला वक्ता म्हणाला, मनाने कमकुवत होता. दुसरा म्हणाला, बाबासाहेबांच्या लेकराने असे करायला नको होते. तिसऱ्याने व्यवस्थेने बळी घेतला म्हणून मुठी आवळल्या. मुलाची आई भिंतीला टेकून बसली होती. ती शेजारणीला हळू आवाजात सांगत होती की, चार महिने त्याच्या डोळ्याला डोळा नव्हता, अन्नावरची वासना उडाली होती, अंगारे-धुपारे करून झाले, पण डॉक्टरकडे न्या असे कोणी म्हणाले नाही. तिचे हे बोलणे सभेच्या वृत्तांतात आले नाही.

त्या राहून गेलेल्या बोलण्याविषयी मला येथे लिहायचे आहे. कारण तेवढ्या दोन वाक्यांत आजारही होता आणि समाजही होता. सभेतल्या तिन्ही वक्त्यांना या दोहोंपैकी एकच दिसत होते, किंवा एकही दिसत नव्हते.

प्रथम 'कमकुवत' या शब्दाची झडती घेऊ. हा शब्द वरवर सहानुभूतीचा वाटतो, पण तो निकालपत्राचे काम करतो. गुन्हा मनाचा, मन मेलेल्याचे, म्हणजे बाकी सारे सुटले. गोदामाचा मालक सुटला, रखडलेली भरती सुटली, आडनाव ऐकून खोली नाकारणारा घरमालक सुटला, आणि आपणही सुटलो. ज्या समाजाने आमच्या बापजाद्यांना शेकडो वर्षे मेलेली ढोरे ओढायला लावली, त्यानेच आमच्या मनाच्या बळाची परीक्षा घ्यावी हा विनोद आहे. पण तो विनोद आता आम्हीच आमच्या शोकसभांत करतो, ही अधिक दुःखाची गोष्ट आहे.

सरकारी आकडे काय सांगतात? राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यांपैकी २२,७४६ एकट्या महाराष्ट्रातल्या, म्हणजे देशात सर्वाधिक. मृतांत चौथ्या हिश्शाहून अधिक, २६.४ टक्के, लोक रोजंदारीवर जगणारे होते. सुमारे ६४ टक्के मृतांचे वार्षिक उत्पन्न एक लाख रुपयांच्या आत होते. कारणांच्या रकान्यात मात्र 'कौटुंबिक समस्या' ३१.७ टक्के आणि 'आजारपण' १८.४ टक्के असे लिहिलेले आहे. ज्याच्या घरी पगार येत नाही त्याच्या घरातली भांडणे 'कौटुंबिक' ठरतात. पंचनामा करणारा हवालदार जे लिहून घेतो, ते पुढे देशाचे समाजशास्त्र बनते.

या अहवालांत वय, शिक्षण, धंदा, वैवाहिक स्थिती यांचे तक्ते छापले जातात. जातीचा तक्ता छापला जात नाही. आणखी एक गंमत पाहावी. या विभागाच्या जुन्या अहवालांत 'सामाजिक स्थिती' या नावाचे प्रकरणच असे. आपण आशेने ते उघडावे, तर आत काय? विवाहित किती, अविवाहित किती, विधवा किती, घटस्फोटित किती. या देशात माणसाची सामाजिक स्थिती म्हणजे त्याचे लग्न झाले की नाही एवढीच, अशी या कारकुनी शास्त्राची समजूत होती! जी गोष्ट मोजायचीच नाही असे ठरवले, तिच्यामुळे कोणी मेले हे सिद्ध कसे व्हावे?

आत्महत्या ही समाजाची घटना आहे हे पहिल्यांदा ठामपणे मांडणारा एमिल दुर्खीम हा फ्रेंच समाजशास्त्रज्ञ. त्याचा ग्रंथ १८९७ सालचा. समाजापासून तुटलेला माणूस, समाजात पूर्ण विरघळलेला माणूस आणि समाजाचे नियमच ढासळल्यामुळे भांबावलेला माणूस, अशा तीन प्रकारांवर त्याने पानेच्या पाने लिहिली. चौथा प्रकार त्याने एका तळटीपेत उरकला. नियमांचा आणि जाचाचा दाब पराकोटीला जातो, पुढची वाटच बंद होते, तेव्हा माणूस जीव देतो. गुलामांच्या आत्महत्या या जातीच्या, असे त्याने नोंदवले आणि आजच्या काळात या प्रकाराला फारसे महत्त्व नाही म्हणून पुढे गेला. युरोपातल्या त्या पंडिताला जी तळटीप वाटली, तो आमच्याकडे मूळ मजकूर आहे. आमच्या विद्यापीठांत दुर्खीम अजून शिकवला जातो. ही तळटीप प्रकरणाच्या जागी आणण्याचे काम आपल्यातल्या अभ्यासकांचे आहे.

पुढची वाट बंद होणे म्हणजे काय, हे डॉ. पायल तडवी यांच्या मृत्यूने दाखवले. जळगाव जिल्ह्यातली, तडवी भिल्ल समाजातली ही मुलगी मिरजेच्या शासकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाली आणि स्त्रीरोगशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी मुंबईच्या टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयात गेली. २२ मे २०१९ रोजी तिने जीवन संपवले. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप तिच्या आईने, आबेदा तडवी यांनी केला. तीन डॉक्टरांना अटक झाली, खटला न्यायालयात गेला. त्याचा निवाडा न्यायालय करील. आपल्याला प्रश्न वेगळा आहे. राज्यातल्या वैद्यकीय महाविद्यालयांवर देखरेख करणारे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशकात आहे. या विद्यापीठाच्या छत्राखाली मानसशास्त्र शिकवले जाते, मनोविकारतज्ज्ञ घडवले जातात. अशा जगात, चोवीस तास डॉक्टरांच्या गराड्यात राहणारी एक तरुण डॉक्टर खचत गेली आणि तिच्या नाडीवर कोणी हात ठेवला नाही. तेव्हा एक युक्तिवाद ऐकू आला की, कामाचा ताण तिला झेपला नाही. म्हणजे पुन्हा तेच, मनाने कमकुवत. ताण सर्वांनाच असतो हे खरे. परंतु रात्रपाळी संपल्यावर ज्याला चहाला कोणी हाक मारते आणि ज्याला मारत नाही, त्या दोघांचा ताण एक नसतो.

मग आमची चळवळ म्हणते, हे खून आहेत. हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुलाने १७ जानेवारी २०१६ रोजी जीव दिला. त्याआधी त्याची शिष्यवृत्ती काही महिने अडली होती आणि चार सहकाऱ्यांसह त्याला वसतिगृहाबाहेर काढले होते. त्या वेळी 'संस्थात्मक हत्या' हा शब्द देशभर गेला. हा शब्द आवश्यक होता. आरोपीच्या पिंजऱ्यात मनाऐवजी संस्था उभी करण्याचे मोठे काम त्याने केले. पण आता त्या शब्दाचीही चिकित्सा केली पाहिजे. ज्याची शिष्यवृत्ती अडली आहे असा एखादा मुलगा आज या क्षणी वसतिगृहाच्या खोलीत एकटा बसला आहे. तो आपले फलक वाचतो, आपल्या कविता वाचतो. त्याला काय दिसते? रोहितच्या हयातीत त्याचे म्हणणे कार्यालयात पडून राहिले आणि मेल्यावर त्याचे पत्र साऱ्या देशाने वाचले. जगण्याला दाद नाही, मरणाला आहे, असा निरोप तर आपण नकळत देत नाही ना? आपण ज्याला श्रद्धांजली म्हणतो ती खचलेल्या माणसाला आमंत्रणासारखी ऐकू येऊ शकते. शहीद या शब्दाचा उच्चार करताना हे भान राखले पाहिजे. आम्हाला आमची पोरे जिवंत हवी आहेत.

येथे मी आपल्या साहित्याकडे वळतो. दलित साहित्यात मनाच्या जखमा नाहीत असे कोण म्हणेल? बाबुराव बागूल हे नाशिकजवळच्या विहितगावचे. १९६३ सालच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या त्यांच्या कथेतला तरुण परमुलखात जात लपवून राहतो. त्याची सततची सावध नजर, कोणी सहज नाव-गाव विचारले तरी उडणारा थरकाप, मित्राच्या प्रेमातही लपलेली भीती हे सारे वाचताना असे वाटते की, हा माणूस मार खाण्याच्या आधीपासूनच आतून मार खातो आहे. त्यांच्या १९६९ सालच्या संग्रहाचे नावच 'मरण स्वस्त होत आहे'. दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) दगडू मारुती पवार आणि दया पवार असे एकाच माणसाचे दोन तुकडे समोरासमोर बसून बोलतात. शिकून पांढरपेशा झालेल्याला वस्तीतला दगडू सोडत नाही आणि दगडूकडे परत जाताही येत नाही. बेबीताई कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'मध्ये आषाढात बायांच्या अंगात येते. वर्षभर दबलेली बाई तेवढ्यापुरती देवी होते, आणि तिला हात जोडले जातात. बोलायला जागाच नसलेल्या मनाने शोधलेली ती जागा आहे.

मनाचा असा दस्तऐवज ज्या साहित्याने दिला, त्याच्या समीक्षेने मात्र त्याचे काय केले? आम्ही समीक्षकांनी तो सगळा 'विद्रोह' या एकाच खात्यावर जमा केला. बागुलांचा नायक विद्रोही, दया पवारांची शरम म्हणजे विद्रोहाची उणीव, बेबीताईंच्या बाया म्हणजे अंधश्रद्धेच्या बळी. प्रस्थापित समीक्षेने आमच्यात आक्रस्ताळेपणा पाहिला, आम्ही आमच्यात संताप पाहिला. थकवा कोणीच पाहिला नाही. संतापलेला दलित आम्हाला चालतो, कारण तो चळवळीच्या कामाचा असतो. जो उठतच नाही, ज्याला मोर्चाला यावेसे वाटत नाही, जो पुस्तक उघडून दोन तास एकाच पानाकडे पाहत राहतो, त्याचे आम्हाला काय करावे कळत नाही. त्याला आम्ही पळपुटा म्हणतो. ज्या समीक्षेने माणूस हे मूल्य शिरोधार्य मानले, तिच्यात थकलेल्या माणसाला जागा नसावी, ही माझ्या मते आपल्या समीक्षेची मोठी त्रुटी आहे. मीही या समीक्षकांपैकीच एक आहे, म्हणून हे अधिकाराने म्हणतो.

या त्रुटीमागे एक भीती आहे. मनाचा आजार मान्य केला तर सामाजिक कारण निसटेल, डॉक्टर गोळी देईल आणि व्यवस्था मोकळी होईल, ही ती भीती. ती निराधार नाही. परंतु क्षयरोगाचे उदाहरण घ्यावे. क्षयाचा जंतू खरा आहे आणि गिरणगावातली अंधारी, कोंदट खोलीही खरी आहे. जंतू सापडला म्हणून खोलीचा दोष कमी होत नाही, आणि खोली वाईट आहे म्हणून रोग्याचे औषध आपण बंद करीत नाही. क्षयाच्या रोग्याला कोणी छातीने कमकुवत म्हणून हिणवावे असेही आपल्याला वाटत नाही. नैराश्य हा तसाच आजार आहे. झोप जाते, भूक जाते, अपराधीपणा दाटतो, आपण घरादाराला भार झालो असे वाटू लागते. तो औषधाने आणि बोलण्याच्या उपचाराने बरा होऊ शकतो. त्याच वेळी बेकारी, कर्ज, दारू, मारझोड आणि अपमान त्याला खतपाणी घालतात. जात ही मनाची एक अवस्था आहे हा विचार बाबासाहेबांनी १९३६ साली 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये मांडला. जी गोष्ट सवर्णाच्या मनात श्रेष्ठत्व होऊन बसते, ती आमच्या मनात काय होऊन बसते, याचा शोध घेण्याचे काम त्यांनी आपल्यावर सोपवले आहे असे मी मानतो.

आजार म्हटल्यावर औषधपाण्याची सोय पाहिली पाहिजे. राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालये चार. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी. चारही इंग्रजांच्या अमदानीतली. 'याला ठाण्याला नेऊन टाका', 'येरवड्याला पाठवा' हे आपल्या बोलीतले टोमणे त्यांच्यापासूनच आले, आणि त्या टोमण्यांच्या भीतीनेच माणसे साध्या उपचारालाही जात नाहीत. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा, जिल्हा कार्यक्रम १९९६ चा. २०१५-१६ साली १२ राज्यांत झालेल्या राष्ट्रीय पाहणीत असे दिसले की, बहुतेक मनोविकारांत १०० पैकी ७० हून अधिक रोग्यांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मात्र चांगला आहे. उपचार हा प्रत्येकाचा हक्क असून त्यात जातीवरून भेदभाव चालणार नाही, असे त्याच्या १८ व्या कलमात आहे. जीव देण्याचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरावे, त्याच्यावर खटला भरू नये आणि सरकारने त्याची काळजी घ्यावी, असे ११५ वे कलम सांगते. गुन्हेगाराचा रोगी झाला हे मोठे परिवर्तन. पण ही कलमे आपल्या किती कार्यकर्त्यांना ठाऊक आहेत? ॲट्रॉसिटी कायद्याची कलमे आपल्याला तोंडपाठ आहेत. ही दोनही पाठ करावीत.

आता ग्रामीण भागाकडे पाहू. नाशिक जिल्हा द्राक्षांचा आणि कांद्याचा. शेतकरी आत्महत्या म्हटले की डोळ्यांपुढे बागायतदार येतो. त्याचे दुःख खरे आहे. पण २०२२ च्या त्याच अहवालात शेतीवर जगणाऱ्या ११,२९० मृतांपैकी शेतकरी ५,२०७ आणि शेतमजूर ६,०८३ आहेत. हे ६,०८३ कोणाच्या भाषणात येतात? राज्य सरकारच्या मदतीच्या नियमांत तर 'पात्र आत्महत्या' आणि 'अपात्र आत्महत्या' असे दोन वर्गच आहेत. शेतकरी कुटुंबाच्या नावावर जमीन हवी, कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे हवे, तरच एक लाखाची मदत. सातबारा नसलेला मजूर मरणानंतरही अपात्र. 'अपात्र' या शब्दाचा आपला जुना परिचय आहे. देवळाला अपात्र, पाणवठ्याला अपात्र, आणि आता सरणावरही अपात्र. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे दादासाहेब गायकवाड यांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले, ते याच सातबाऱ्यासाठी. जमिनीची ती मागणी पुरी झाली असती तर तो आत्महत्या-प्रतिबंधाचाही मोठा कार्यक्रम ठरला असता, असे मला आज वाटते.

प्रतिबंधाला अशा मोठ्या गोष्टी लागतात, तशा लहानही लागतात. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली आणि १९९५ नंतरच्या दशकभरात तेथील आत्महत्यांचे प्रमाण निम्म्यावर आले. यातून एक महत्त्वाची गोष्ट कळते. मरणाची लाट ही बहुधा काही तासांची, कधी काही मिनिटांची असते. ती ओसरेपर्यंत घातक वस्तू हाताशी नसली आणि माणूस जवळ असला, तर जीव वाचतो, आणि वाचलेल्यांतले बहुसंख्य पुढे जगतात. तेव्हा फवारणीची औषधे कुलपात असावीत, ही मागणी आपल्या शेतमजूर संघटनांनी केली पाहिजे. शिष्यवृत्ती वेळेवर मिळणे ही केवळ हिशेबाची बाब नाही, हे समाजकल्याण खात्याला ठणकावून सांगितले पाहिजे. प्रत्येक वसतिगृहात, अभ्यासिकेत, विहारात दोन-चार माणसे अशी तयार झाली पाहिजेत की जी गप्प झालेल्याच्या शेजारी जाऊन बसतील. 'जीव नकोसा वाटतो का?' असे सरळ विचारल्याने कोणाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही. उलट एकट्याने वाहिलेले ओझे खाली ठेवायला त्याला जागा मिळते. 'हो' म्हणाला तर त्याला एकटे सोडू नये, जिल्हा रुग्णालयात सोबत जावे, पुढच्या तारखेलाही सोबत जावे. सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. तिचा क्रमांक १४४१६. मोर्चाच्या पत्रकाखाली हा क्रमांक छापायला काय हरकत आहे?

शेवटी नाशिकचीच एक गोष्ट. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. एकेकट्याने अपमान गिळणारी माणसे त्या दिवशी खांद्याला खांदा लावून उभी राहिली, आणि त्या गर्दीत अनेकांच्या मनाची घुसमट प्रथमच मोकळी झाली असेल. चार-पाच वर्षे धडका देऊनही दार उघडले नाही. लोक थकले, पोरांना मारहाण झाली, कामधंदे गेले. तेव्हा बाबासाहेबांनी आपल्या माणसांना कमकुवत म्हटले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला त्यांनी वाटच बदलली. बंद दारावर डोके आपटून थकणे हा मनाचा दोष नाही. थकलेल्याला दुसरी वाट दाखवणे हे चळवळीचे काम आहे, हा धडा या जिल्ह्याच्या मातीत आहे.

म्हणून पुढच्या शोकसभेत, आणि ती होऊ नये हीच इच्छा, पहिले बोलणे वक्त्याचे नको. भिंतीला टेकून बसलेल्या आईला पुढे बोलवावे. चार महिने झोप नव्हती, हे तिचे वाक्य वृत्तांतात पहिले लिहावे. आणि सभा संपल्यावर वस्तीत आणखी कोणाला झोप लागत नाही, याची घरोघर चौकशी करावी.